माझा तारपा

मला गिटार वाजवण्याचा छंद आहे. गिटारचा आवाज घुमवणाऱ्या छोट्या पेट्या मिळतात. त्यांना पेडल म्हणतात. तशी एक पेटी मी डहाणूला घरीच बनवली. पण तिच्यातून नुसती खरखर ऐकू येई. कंटाळून मी ती कपाटात टाकली.

दिवाळीच्या सुट्टीत मी तलासरीजवळच्या एका पाड्यावर गेलो. तेथे एक वारली आजोबा अंगणात तारपा बनवत होते. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि मधमाश्यांचे मेण, एवढेच सामान! डहाणू तालुक्यातील गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या वारली चित्रांतला तारपा मी पाहिला होता. खरा तारपा आज प्रथमच पाहत होतो.

"आजोबा, मी बनवू का?" मी विचारले.

"बनवा की, मास्तर!" त्यांनी एक वाळलेला भोपळा मला दिला.

दोन दिवस खपून मी तारपा जोडला. जोराने फुंकले, पण आवाजच नाही! मी खजील झालो. आजोबांनी नळीच्या जोडावर बोट फिरवले.

"इथून वारा पळतो," ते म्हणाले.

त्यांनी तेथे थोडे मेण दाबले आणि तारपा घुमू लागला.

"आमच्या पोरांना याला वेळ नाही. तुम्ही शिकलात, आता चार पोरांना शिकवा."

घरी येताच मी कपाटातली पेटी उघडली. तिच्यातही एक जोड सैल होता! तो पक्का करताच गिटार घुमली.

आता दर शनिवारी माझे विद्यार्थी भोपळा आणि मेण घेऊन बसतात. आजोबांचे काम अजून माझ्याकडे आहे.