मी, आत्याबाई आणि आमची रिक्षा

मैत्रिणींनो, सायकलपलीकडं कुठलंही वाहन हाती न धरलेल्या बाईनं त्रेचाळिसाव्या वर्षी रिक्षा शिकावी आणि सासूला बसवून थेट माहूरगडावर न्यावं, हे तुम्हाला खोटं वाटेल. माझं मलाच कधीकधी वाटतं. पण आमच्या रेणापुरात कुणालाही विचारा. पहिले दोन महिने माझी फजिती बघायला गल्लीतली निम्मी पोरं पहाटे उठत होती.

झालं असं, की पावसाळ्याच्या तोंडावर आमचे हे पत्र्यावर चढले आणि घसरून उजव्या खांद्यावर पडले. हाड जुळलं, पण हात काही पूर्वीसारखा वर जाईना. रेणापूर ते लातूर रिक्षा चालवणाऱ्या माणसाला उजवा हात गेला म्हणजे सगळंच गेलं. रिक्षा दाराशी ताडपत्रीखाली उभी राहिली आणि बचतगटाच्या कर्जाचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला चालू. शेवटी गिऱ्हाईक आलं. गाडी बघून गेलं, भाव पाडून बोललं. त्या रात्री हे जेवले नाहीत.

मी ताट झाकून ठेवलं आणि म्हटलं, "अहो, मी शिकले तर?"

हे काही बोलले नाहीत. कूस बदलून झोपले. नवऱ्याचं हे न बोलणं तुम्हालाही माहीत असेल. भांडण परवडलं, पण ते नको.

बोलल्या त्या आत्याबाई. आमच्याकडं सासूबाईंना आत्याबाई म्हणतात. "काय करूलालीस गं? बाईमाणसानं रिक्षा चालवलेली कुणी बघितलीय का?" थोरली लेक तिथंच अभ्यास करत बसली होती. तिनं मोबाईलमध्ये शोधून वाचूनच दाखवलं. आपल्या शेजारच्या परभणीच्या शीला डावरे घरच्यांचा विरोध असताना बारा रुपये घेऊन पुण्याला गेल्या आणि १९८८ साली तिथं रिक्षा चालवायला लागल्या. देशातली पहिली महिला रिक्षाचालक म्हणून लिम्का बुकात त्यांची नोंद आहे. पुढं २०१६ साली सरकारनं रिक्षाच्या परवान्यांत बायकांसाठी पाच टक्के राखीव ठेवले आणि त्या रिक्षांना अबोली रंग दिला, हेही तिनं वाचलं. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "परभणीची होय? मग असंल."

शिकवायला पुतण्या तयार झाला. बाजाराचा दिवस सोडून रोज पहाटे पाचला आम्ही मोकळ्या मैदानावर. आमची गाडी जुनी, हातानं दांडा ओढून चालू करायची. ओढून ओढून पहिल्याच दिवशी दंड असा भरून आला, की भाकरी थापता येईना. क्लच आणि गिअर दोन्ही डाव्या हातात. क्लच दाबून तीच मूठ फिरवायची. उजव्या हाताला पेट्रोल आणि उजव्या पायाखाली ब्रेक. क्लच एकदम सोडला की गाडी गचकन उडी मारायची आणि बंद. पुतण्या म्हणायचा, "काकू, दुधावरची साय काढता ना, तसा सोडा." मग जमलं!

सगळ्यात नडली ती सायकलची सवय. सायकलवर वळताना अंग आपोआप आत कलतं. रिक्षा काही आपल्याबरोबर कलत नाही. हँडल फिरवलं की ती बाहेरच्या अंगाला झुकते आणि वेग जास्त असला तर आतलं मागचं चाक उचलतं. हे मला सांगून कळलं नाही, उचलल्यावर कळलं. पंधराव्या दिवशी धरणाच्या रस्त्याला मी वळण जोरात घेतलं आणि एक चाक क्षणभर हवेत! पुतण्या ओरडला, गाडी आपटून सरळ झाली. मी उतरले आणि रस्त्याच्या कडेला मटकन बसले. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेकवर पाय द्यायचा नाही, हे तेव्हा जे डोक्यात बसलं ते बसलं. आणि खड्ड्यांचं तर विचारूच नका. दुचाकी खड्डा चुकवते, मोटार तो दोन चाकांच्या मधे घेते. रिक्षाचं पुढचं चाक बरोबर मधोमध, त्यामुळं एक तरी चाक खड्ड्यात जाणारच. कुठलं घालायचं, एवढंच आपल्या हातात.

शिकाऊ लायसन काढलं, नियमाचे तीस दिवस थांबले, परीक्षा दिली, पुढं बॅजही मिळाला. स्टँडवर मात्र काहीजण हसले. एकजण यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "आता चूल तू सांभाळ." हे घरी आले आणि म्हणाले, "दिवाळीनंतर गाडी देऊन टाकू."

आणि इथं आत्याबाई मधे पडल्या. मला म्हणाल्या, "येतंय म्हणतीस ना? मग मला माहूरला ने. तिथवर नेलंस तर गाडी विकू देत नाही." त्यांचं माहेर माहूरच्या पायथ्याशी. भाऊ वारल्यापासून त्या तिकडं गेल्या नव्हत्या. रेणुका आमच्या रेणापुरातही आहे, पण त्या म्हणायच्या, "ही सासरची. माझी ओटी त्या रेणुकेकडं राहिलीय." तुम्ही म्हणाल, एस.टी. नव्हती का? होती की. २०२२ पासून पंच्याहत्तरच्या पुढच्यांना ती फुकट आहे आणि २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट. पण आत्याबाईंच्या गुडघ्यांना ती पायरी चढवत नाही आणि गाडी लागते ती वेगळीच.

परवाना जिल्ह्यापुरता, म्हणून बाहेर जायचा तात्पुरता परवाना काढला. नवरात्राची गर्दी ओसरल्यावर पहाटे चारला निघालो. बरोबर धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याचा कॅन आणि आत्याबाईंच्या पाठीशी दोन उशा. अशा प्रवासाला निघालात तर पदर कमरेला खोचून वर पिन लावा आणि लघवीला कुठं थांबायचं ते आधीच ठरवा. बायका पाणी न पिता प्रवास करतात आणि मग डोकं धरून बसतात. पेट्रोलपंपावर सोय असते, मागायला लाजू नका.

हे मागं बसले होते. स्वतःच्या रिक्षात पाठीमागं बसायची त्यांची ती पहिलीच वेळ. लातूर, चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर गेलं तरी एक शब्द नाही. मी मात्र आरशात गाड्या कमी आणि यांचं तोंड जास्त बघत होते. खंडोबाच्या यात्रेचं माळेगाव आलं तेव्हा पहिल्यांदा बोलले, "ट्रकच्या मागं एवढं चिकटू नको." बोलले हेच पुष्कळ.

चाळिसाच्या वर वेग नेलाच नाही. दर तासाला इंजिन गार करत दुपार कलता नांदेडला पोचलो. गुरुद्वाऱ्यात लंगरला जेवलो आणि तिथंच यात्री निवासात पाठ टेकली. माझे तळहात सुजले होते. हे कुठूनसा बर्फ घेऊन आले आणि रुमालात बांधून हातात दिला.

दुसऱ्या दिवशी अर्धापूरच्या केळीच्या बागा, हदगाव, मग पैनगंगा ओलांडून उमरखेड, महागाव. धनोड्याला पैनगंगा पुन्हा आडवी आली तशी आत्याबाई ताठ होऊन बसल्या. "माझी नदी," म्हणाल्या.

गडाच्या चढाला मात्र गाडीनं दम तोडला. वळणावर बंद पडली आणि हळूहळू मागं सरकायला लागली. मी ब्रेकवर जीव खाऊन पाय रोवला. मला मागं वळून बघायचंही धाडस होईना. तेवढ्यात यांचा आवाज आला, "घाबरू नको, दगड लावलाय." कधी उतरले, कधी चाकामागं दगड सारला, कळलंच नाही. "पहिला टाक. अर्धा क्लच. आता सोड." गाडी उचलली. पुढच्या दोन्ही अवघड वळणांवर हे डाव्या हातात तो दगड घेऊन रिक्षाच्या मागं मागं चालत होते, आणि मी आरशात बघत होते.

पायऱ्या आत्याबाई बसत-उठत चढल्या. ओटी भरताना रडल्या नाहीत. उतरल्यावर मात्र तांबुलाचा प्रसाद माझ्या तोंडात घातला आणि म्हणाल्या, "तुला बोलले होते ते सोडून दे बाई."

परत येताना लातूर सोडलं तेव्हा अंधार पडत आला होता. रेणापूरच्या वाटेला एका बाईनं गाठोडं घेऊन हात केला. मी यांच्याकडं बघितलं. हे आत्याबाईंच्या उशा मांडीवर घेऊन कडेला सरकले. ती बाई बसली, मला पुढं बघून जरा चपापली, मग काही बोलली नाही. गावात उतरताना तिनं सवयीनं पैसे यांच्यापुढं केले.

"तिकडं द्या, डायव्हरकडं," हे म्हणाले. "आणि सुट्टे नीट मोजून घे गं."