तोलार खिंडीतून माघारी

शरदातला शनिवार होता. आम्ही चौघे मित्र, सारे पन्नाशी ओलांडलेले, खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडाकडे निघालो होतो. तोलार खिंडीपुढे कातळाचा चढ आहे. तेथे लोखंडी कठडे धरून वर जावे लागते. त्या कातळावर एका मित्राचे हात थरथरू लागले. कपाळावर थंड घाम, बोलणे असंबद्ध. त्याने मधुमेहाची गोळी घेतली होती. न्याहारी मात्र पहाटेच्या घाईत राहिली होती. निघताना मी त्याला विचारलेच नव्हते. डॉक्टर म्हणवणाऱ्याची ही चूक.

त्याला कातळाशी टेकवून बसवले, तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांत तो भानावर आला. मग भाकरी दिली. "चला आता वर," तो म्हणाला. मी नकार दिला. वाचकहो, काही गोळ्यांचा परिणाम तासन् तास टिकतो व साखर पुन्हा उतरू शकते. आपल्या घरातील वृद्धांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही घालू नये. थेट रुग्णालय गाठावे.

दोघे कोकणकड्याकडे गेले. आम्ही हळूहळू खिरेश्वरला उतरलो, गावालगत तंबू ठोकला. तो रुसला होता. कोकणकड्याचे स्वप्न त्याने वर्षभर जपले होते. रात्री दर दोन तासांनी उठवून मी त्याच्या बोटाला सुई टोचली. तिसऱ्या वेळी तो खेकसला, "अरे, झोपू देशील का आता?"

उच्चार अगदी स्पष्ट होते. मग मीही आडवा झालो.