ऐकायची खुर्ची

मैत्रिणींनो, घरात आलेली महागडी वस्तू कुणाची, असं कुणी विचारलं तर तुम्ही काय म्हणाल? जो पैसे मोजतो त्याची, की जी रोज धूळ पुसते तिची? मिक्सर, शिवणयंत्र यांच्या बाबतीत हा प्रश्न पडत नाही. त्यांच्यापाशी काम असतं, म्हणून ती आपलीच! पण कामाची नसलेली, नुसत्या आनंदाची वस्तू घरात आली की ती मात्र 'ह्यांची' होते. आमच्याकडे अशी वस्तू म्हणजे दिवाणखान्यातले दोन स्पीकर.

2008 साली ह्यांनी ते पुण्याच्या एका गृहस्थांकडून जुने घेतले आणि गाद्यांत गुंडाळून टेम्पोतून सांगलीला आणले. किंमत एका जुन्या मोटारीएवढी! "एवढ्यात ओटा नवा झाला असता," जाऊबाई म्हणाल्या. पाहणाऱ्याला ते स्पीकर वाटतच नाहीत. खाली लाकडी खोकं आणि वर जाळीची उभी चौकट. कुणी विचारतं, "हीटर आहे का?" कुणाला ते पार्टिशन वाटतं. कंपनीचं नाव केडेन्स, आणि ते बनले आपल्या पुण्यातच, असं सांगितलं की समोरचा चेहरा कोरा. जपानी, अमेरिकन नावं आपल्याला पाठ. शंभर-सव्वाशे मैलांवर काय बनलं याचा मात्र पत्ता नाही!

आता यात वेगळं काय आहे, ते मला समजलं तसं सांगते. थंडीत नायलॉनची साडी काढताना चटचट आवाज येतो, किंवा केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे ओढून घेतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. तीच ही वीज. नेहमीच्या स्पीकरमध्ये कागदाचा किंवा तसाच एखादा शंकू असतो आणि त्याला मागून लोहचुंबक व तारेचं वेटोळं हलवतं. इथे वरच्या चौकटीत केसाहून कितीतरी पातळ असा प्लॅस्टिकचा पडदा ताणलेला असतो. त्याच्या पुढे आणि मागे भोकांची जाळी. पडद्यावर सतत काही हजार व्होल्टचा भार ठेवलेला असतो, म्हणून या स्पीकरची वायर भिंतीतल्या प्लगलाही लावावी लागते. गाणं सुरू झालं की एक जाळी पडद्याला ओढते, दुसरी ढकलते. पडदा इतका हलका, की सूर थांबला की तोही थांबतो. मागे घुमत राहत नाही. असा पडद्याचा स्पीकर इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीने 1957 साली बाजारात आणला. खर्जाचे जड आवाज मात्र या नाजूक पडद्याला पेलत नाहीत. म्हणून आमच्या स्पीकरमध्ये ते काम खालच्या खोक्यातला नेहमीचा शंकू करतो.

हे सगळं ह्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं. पण ऐकायला शिकवायची गरज नव्हती! माझं माहेर मिरजेचं. ज्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तीच मिरज. शाळेच्या वाटेवर वाद्यं करणाऱ्यांची दुकानं होती. कारागीर तंबोऱ्याची घोडी घासायचे, तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवायचे आणि कान लावून बसायचे. दोरा केसभर इकडचा तिकडे झाला की मुकी तार एकदम बोलू लागायची. त्याला जवारी खुलणं म्हणतात. आमच्या जुन्या स्पीकरवर तंबोरा म्हणजे गायिकेच्या मागे भुंग्याची गुणगुण होती. या स्पीकरवर मी पहिल्यांदा किशोरीताई आमोणकर ऐकल्या आणि हातातलं फडकं तसंच राहिलं. चार तारा चार वेगळ्या! जवारी खुललेली! ह्यांना जे मासिकं वाचून कळलं होतं, ते मला मिरजेच्या रस्त्याने आधीच शिकवलं होतं.

तरी खुर्ची ह्यांचीच राहिली. कारण या पडद्यांचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ पुढे येतो. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा त्रिकोण जुळला, तरच गायिका समोर बसल्यासारखी वाटते. थोडं बाजूला सरकलं की ती भिंतीकडे सरकते. म्हणजे खरी जागा एकच! ती ह्यांची आणि मी येता-जाता ऐकणारी. एक कान गाण्याकडे, दुसरा कुकरच्या शिट्टीकडे. तुमचंही असंच असेल, नाही का?

2022 च्या दिवाळीनंतर हे तक्रार करू लागले, "अगं, स्पीकर मंदावले. वरचे सूर येतच नाहीत." पुण्याहून माणूस बोलावला. त्याने तपासलं आणि सांगितलं, स्पीकर ठणठणीत आहेत. मला ते ठाऊकच होतं, कारण माझ्या कानाला तंबोरा तसाच लखलखीत ऐकू येत होता. मग मला एकेक गोष्ट जुळत गेली. टीव्ही मोठा लावायचा, नातीचं बोलणं तीनदा विचारायचं, आणि वर मलाच म्हणायचं, "तू पुटपुटतेस!" वयाबरोबर कानातले सगळ्यात उंच आवाज आधी जातात. स, श, फ अशी अक्षरं निसटतात. बायकांचे आणि मुलांचे आवाज जड जातात. कानाच्या तपासणीत नेमकं हेच निघालं.

दोन दिवस हे बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "विकून टाकू ते स्पीकर. रविवारी एक जण बघायला येतोय. आता कुणासाठी ठेवायचे?"

मैत्रिणींनो, 'कुणासाठी' हा शब्द मला फार लागला. मी म्हणाले, "अहो, मी आहे की! मला ऐकू येतं. चौदा वर्षं येता-जाता ऐकलं, आता बसून ऐकणार आहे." हे माझ्याकडे बघतच राहिले. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. रविवारच्या माणसाला फोन करून नको म्हणून सांगितलं.

आता दुपारी तीन ते चार खुर्ची माझी. गॅस बंद, फोन आतल्या खोलीत. त्या तासात मी काय काय ऐकलं म्हणून सांगू! हिराबाई बडोदेकर 1905 साली आमच्या मिरजेतच जन्मल्या. त्यांच्या जुन्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. खरखर असते, नाही असं नाही. पण मानवी आवाज हीच या पडद्यांची खरी ताकद, म्हणून त्या खरखरीच्या पलीकडे बाई स्वच्छ उभ्या राहतात. ह्यांनीही कानाचं यंत्र घेतलं. ते बोलणं ऐकायला बनवलेलं, म्हणून गाण्यासाठी त्यात वेगळी सोय करून घेतली. पूर्वीसारखं येत नाही, असं ते म्हणतात. मग बाजूला बसून मलाच विचारतात, "तंबोरा कसा वाटतोय?" मी सांगते. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण ऐकलेल्या गाण्याबद्दल आम्ही इतकं कधी बोललो नव्हतो!

कुणाकडे असे स्पीकर असतील तर निगेचे दोन शब्द. ते भिंतीला चिकटवू नका, आवाज मागूनही निघतो. दोन-तीन फूट जागा सोडा. ओलं फडकं जाळीला कधीही लावू नका. प्लग काढून, काही तास थांबून, कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका. फोडणीचा धूर आणि उदबत्ती लांब ठेवा. पावसाळ्यात दमट हवेने पडद्यावरचा भार गळतो, आवाज बसतो किंवा चिरचिरतो. अशा वेळी जाळी स्वतः उघडू नका, आत जबर व्होल्टेज असतं.

आणि असे स्पीकर नसले तरी काही बिघडत नाही. साध्या रेडिओपुढेही खुर्ची ठेवता येते. मात्र त्या खुर्चीत हातात निवडायची भाजी घेऊन बसू नका. भाजी नंतर निवडता येते; सूर तेवढ्यात निघून जातो.