टाळीचं वाक्य खोडल्यावर

औंढ्यात वक्तृत्व स्पर्धेच्या तयारीला मुलं येतात, तेव्हा मी त्यांना भाषणातलं सगळ्यात टाळीचं वाक्य खोडायला सांगतो. मग उरलेलं भाषण उभं राहतं का, ते पाहायचं. टिळकांची १९१६ची स्वराज्यावरची भाषणं मी अशीच वाचतो. जन्मसिद्ध हक्काचं वाक्य झाकून ठेवलं तरी त्यांचा जोर ओसरत नाही.

बोलणारा माणूस राजद्रोहाची सजा भोगून १९१४ साली मंडालेहून सुटून आलेला. याला मान डोलावली तर आपणही राजद्रोही ठरू, ही धास्ती श्रोत्यांत असणारच. टिळक आधी त्या धास्तीला हात घालतात. बादशहा वेगळा, कारभार हाकणारे नोकर वेगळे. देव तोच राहील, पुजारी तेवढे बदलायचे. या एका भेदाने भित्र्या माणसालाही उघडपणे हो म्हणायची वाट मिळाली. शिवाय करायला काहीतरी हातात होतं: बेळगावला एप्रिलमध्येच होमरूल लीग निघाली होती, तिचं सभासद व्हायचं. पटलेलं मन घरी जाऊन थंड होतं. त्याला लगेच कामाला लावणं मला फार मोलाचं वाटतं.

या भाषणांची सगळ्यात बारकाईने चिकित्सा सरकारनेच केली. बेळगावचं एक आणि नगरची दोन भाषणं पोलिसांच्या लघुलेखकांनी टिपली होती. त्यांवरून पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. जिनांनी हायकोर्टात टिळकांची बाजू मांडली. नोव्हेंबरमध्ये न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी तो हुकूम रद्द केला. सुटे शब्द न वेचता भाषण सबंध वाचावं, त्या श्रोत्यांवर एकूण काय परिणाम होईल ते तोलावं, ही बॅचलर यांची दृष्टी होती. भाषण कसं वाचावं हे मला त्या निकालाइतकं नेमकं दुसरीकडे मिळालेलं नाही.

श्रोत्यांवर काय परिणाम होईल, हा प्रश्न आमच्याकडेही येतो. आमच्या मावळात जमीन विकू नका असं सांगणारी भाषणं पुष्कळ होतात. ऐकणाऱ्यांत अजून भात लावणारा असतो, पोराच्या शिक्षणासाठी तुकडा विकून बसलेला असतो, भावकीच्या वादात अडकलेला असतो. म्हणून मुलांना मी समासात लिहायला लावतो, कुठल्या वाक्याला यांतलं कोण ‘पण’ म्हणेल. विकून बसलेल्याच्या ‘पण’ला बहुतेक भाषणांत उत्तरच नसतं, आणि नेमका तोच उठून जातो.