परसातली कोंबडी आणि शेजारचा कुत्रा

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर कोरेगाव भीमा आणि सणसवाडी मागे पडली, की शिक्रापूर लागते. वेळ नदीच्या काठचे हे जुने गाव. चाकणकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो, त्यामुळे मालमोटारींची ये-जा अहोरात्र चालू असते. एका बाजूला सणसवाडीचे, दुसऱ्या बाजूला रांजणगावचे कारखाने उभे राहिले आणि गावाचे रूप पालटले. जुन्या वाड्यांच्या जागी मजल्यांची घरे आली, भाडेकरू आले, दुकाने आली. तथापि हमरस्ता सोडून एखाद्या आळीत वळावे, तर जुने गाव अजून भेटते. घरामागे चार हात परस असते. परसात शेवग्याचे झाड, भाजीचा एखादा वाफा, कोपऱ्यात उकिरडा आणि त्याच्याजवळ पालथे घातलेले बांबूचे डालगे. त्या डालग्याभोवती पायांनी माती उकरीत चार-सहा कोंबड्या हिंडत असतात. आणि कुंपणापलीकडे, शेजाऱ्याच्या ओसरीवर, पुढच्या पायांवर मान टेकून एक कुत्रा पडलेला असतो. त्याचे डोळे मिटलेले असतात. पण कान मात्र कोंबड्यांकडे असतात!

कोंबडी हे लहानसे धन खरे. परंतु ते बहुधा घरातल्या बाईचे स्वतःचे धन असते. शेताचा पैसा सोसायटीच्या कर्जात जातो, दुधाचा पैसा पेंडीत जातो; अंड्यांचा पैसा तेवढा तिच्या हाती राहतो. त्यातूनच मुलाची वही येते, मुलीची रिबीन येते, आल्यागेल्याचा चहा होतो. गावरान कोंबडी काही रोज अंडे देत नाही. काही दिवस अंडी घालावी आणि मग खुडूक होऊन बसावे, हा तिचा स्वभाव. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली, की तिला बरोबर एकवीस दिवसांचे व्रत असते. दाणापाण्यापुरते उठावे आणि पुन्हा येऊन पंख पसरावेत! एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात. घार, मुंगूस, बोका यांच्या तावडीतून त्यांतली निम्मी वाचली तरी मालकीण समाधान मानते. अशा कष्टाने वाढलेली तलंग जेव्हा एका क्षणात नाहीशी होते, तेव्हा केवळ एक पक्षी जात नाही. तीन-चार महिन्यांची आशा जाते.

कुत्र्याची बाजूही काही हलकी नाही. दत्तगुरूंच्या पायाशी कुत्री असतात, जेजुरीच्या खंडोबाबरोबरही कुत्रा असतो. धनगराच्या वाड्यावर तर कुत्रा हाच रात्रीचा पहारेकरी. शिरूर तालुक्यात चासकमान धरणाचे पाणी कालव्याने आले आणि जेथे ज्वारी-बाजरी होती तेथे ऊस उभा राहिला. उसाच्या दाट पानांत लपायला जागा मिळाल्यावर जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत बिबट्याही वावरू लागला. मळ्यातल्या एकाकी घराला अशा वेळी कुत्र्याच्या भुंकण्याचाच आधार वाटतो. म्हणून कुत्र्याचा मालक म्हणतो, “त्याला बांधून घातला, तर राखण कोण करणार?” त्याचे म्हणणे अगदीच खोटे नसते.

मग एके दिवशी व्हायचे ते होते. दुपारची वेळ असते, घरात सामसूम असते. एकाएकी परसात कलकलाट उठतो. पिसे उडतात. मालकीण धावत बाहेर येते, तो कुंपणाच्या भोकातून एक शेपूट पलीकडे जाताना तिला दिसते. यानंतरच्या भांडणाच्या पायऱ्याही ठरलेल्या असतात.

“नाना, तुमच्या मोत्यानं आमची तलंग नेली!”

“काकी, आमच्याच मोत्यानं कशावरून? गावात काय कुत्र्यांचा दुष्काळ पडलाय?”

“मग ही पिसं काय तुमच्या दारात उगवली?”

“आणि तुमच्या कोंबड्या आमचा मेथीचा वाफा उकरतात, तेव्हा मी आलो होतो का सांगायला?”

मेथीवरून गोष्ट बांधावर जाते, बांधावरून सांडपाण्याच्या चारीवर जाते आणि तेथून मागच्या पिढीत शिरते. संध्याकाळपर्यंत दोन घरांतले ताक-विरजणाचे देणेघेणे बंद होते. ज्या कोंबडीवरून हे सारे सुरू झाले, तिचे कोणाला स्मरणही उरत नाही.

शांतपणे पाहिले, तर येथे अपराधी कोण? घरची कोंबडी ही मुख्यतः तांबड्या रानकोंबड्याची वंशज. संकट दिसताच ओरडावे, फडफडावे आणि पळत सुटावे, हा रानातला धडा ती अजून विसरलेली नाही. कुत्रा हा लांडग्याच्या कुळातला. माणसाच्या सोबतीला येऊन त्याला निदान पंधरा हजार वर्षे झाली. तरीही समोरून काही पळू लागले, की त्याच्या पायांत पूर्वजांचा वेग संचारतो. कोंबडीचे पळणे कुत्र्याला बोलावते आणि कुत्र्याचे धावणे कोंबडीला अधिक पळवते. यात दुष्टावा कोणाचाच नाही. एक आपला जीव वाचवीत असते, दुसरा आपल्या रक्तातली हाक ऐकत असतो. मेलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात बांधली म्हणजे त्याची खोड जाते, अशी एक समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. वस्तुतः कुत्र्याला या दोन गोष्टींचा संबंधच कळत नाही. मागाहून दिलेला मारही कशासाठी, हे त्याला उमगत नाही. तो भेदरतो, पण शिकत नाही.

रागाच्या भरात याहून भयंकर विचारही माणसाच्या मनात येतो. भाकरीत विष घालून कुत्र्याचा काटा काढावा, असे कोणी सुचवतो. हा मार्ग अमानुष तर आहेच, शिवाय तो गुन्हाही आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा भारतात १९६० साली झाला. त्या कायद्याने जनावरांचा छळ करण्यास मनाई केली. त्याच कायद्यात आणखी एक ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. कुत्र्याला नेहमी साखळीने बांधून किंवा कोंडून ठेवायचे आणि त्याला पुरेसे फिरवायचे मात्र नाही, हादेखील मालकाचा अपराध मानला आहे. म्हणजे ‘कुत्रा बांधून टाका’ एवढे म्हटल्याने प्रश्न सुटत नाही. बांधणाऱ्याने त्याला हिंडवलेही पाहिजे.

पूर्वी शेतात शिरणाऱ्या गुरांसाठी गावोगाव कोंडवाडे असत. १८७१ सालच्या ज्या कायद्याने कोंडवाड्यांची व्यवस्था लावली, त्याच्या यादीत गाईम्हशी, घोडे, गाढवे, डुकरे, शेळ्यामेंढ्या तर होत्याच, हत्ती आणि उंटही होते; परंतु कुत्रा नव्हता आणि कोंबडीही नव्हती! कुत्र्या-कोंबडीचा तंटा सरकारी कोंडवाड्यात कधी मिटणार नव्हता. तो दोन शेजाऱ्यांनीच मिटवायचा होता आणि आजही त्यांनीच मिटवायचा आहे.

तो मिटवण्याचे उपाय फार अवघड नाहीत. मात्र ते दोन्ही बाजूंनी व्हावे लागतात. कोंबड्या पाळणाऱ्याने आधी आपले खुराडे पाहावे. बारीक तारेची षट्कोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण दांडग्या कुत्र्याला थोपवीत नाही. तो ती दातांनी फाडतो. खुराड्याला जाड तारेची वेल्डमेश जाळी लावलेली बरी. कुत्रा जाळीवरून उडी मारतो तसा खालून उकरूनही येतो. म्हणून जाळीचा खालचा भाग वीतभर तरी जमिनीत गाडावा आणि बाहेरच्या अंगाला सपाट दगड रचावेत. कोंबड्या बहुधा सकाळच्या वेळी अंडी घालतात. तोवर त्यांना आतच ठेवले, तर अंडीही सापडतात आणि कोंबड्याही सुरक्षित राहतात. दिवस मावळताना त्यांना अंधारात नीट दिसेनासे होते. तेव्हा त्या खुराड्यात शिरताच दार लावून घ्यावे. कुंपणाचे भोक बाभळीच्या काट्यांनी बुजवावे, आणि शेजाऱ्याची मेथीही आपलीच समजून राखावी.

कुत्रा पाळणाऱ्याचे काम याहून थोडे अधिक चिकाटीचे आहे. कोंबड्या सुटण्यापूर्वी पहाटे, आणि त्या आत गेल्यावर सांजवेळी, त्याने कुत्र्याला साखळी धरून चांगले हिंडवून आणावे. ज्या कुत्र्याचे पाय दमलेले असतात त्याचे डोळे कोंबडीकडे कमी जातात. लहान पिल्लू असतानाच त्याला दोरीने धरून कोंबड्यांच्या जवळपास बसवावे. ते शांत राहिले, तर भाकरीचा तुकडा द्यावा. झेप घेऊ लागले, तर मुकाट्याने दूर न्यावे. धनगराचे पिल्लू मेंढरांतच वाढते, म्हणून मोठेपणी मेंढरू त्याला सावज वाटत नाही, सोबती वाटते. मोठ्या कुत्र्यालाही ही शिकवण देता येते. पण वेळ लागतो, आणि धावत्या कोंबडीपुढे त्याच्यावर पुरता भरवसा कधीच टाकू नये.

राहता राहिला राखणीचा प्रश्न. मोकळा कुत्रा घर राखतो खरा. पण रात्री त्या कुत्र्याला कोण राखणार? शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात शास्त्रज्ञांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला. त्यात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, पाळीव आणि गावातल्या कुत्र्यांचा निघाला. ज्याच्या जिवावर घर निर्धास्त झोपते, तोच बिबट्याचे सर्वांत सोपे भक्ष्य ठरतो. शिवाय कुत्र्याच्या मागावर आलेला बिबट्या माणसांच्या दारापर्यंत येतो. म्हणून रात्री कुत्र्याला भक्कम दाराच्या आत घ्यावे. त्याचे भुंकणे आतूनही ऐकू येते! जे दार काकींच्या कोंबडीला वाचवते, तसलेच दार नानांच्या मोत्यालाही वाचवते. हे ज्याला कळले, त्याला आपला कुत्रा आवरणे ही शेजाऱ्यावर केलेली मेहेरबानी वाटत नाही. ते आपल्याच मुक्या सोबत्याविषयीचे कर्तव्य वाटते.

जाळी आणि साखळी यांच्याइतकेच महत्त्वाचे तिसरे साधन म्हणजे वेळेवर बोललेला शब्द. कुत्रा पहिल्यांदा कुंपणाशी घुटमळताना दिसतो, तेव्हाच जर काकी म्हणाल्या, “नाना, मोत्या हल्ली आमच्या परसाकडं फार बघतो हं, जरा ध्यान ठेवा,” तर नानांना तो आरोप वाटत नाही. पिसे उडाल्यानंतर उच्चारलेला तोच शब्द दगडासारखा लागतो. आणि नुकसान झालेच, तर नानांनी पुरावा मागत बसू नये. एक तलंग विकत आणून शेजारी नेऊन द्यावी. तिचे मोल काही शेकड्यांत होईल. मोडलेला शेजार मात्र कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही. एवढ्यानेही न भागले, तर गावातली शहाणी माणसे असतातच. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, ती याच विचाराने. गावातले तंटे गावातच, समोरासमोर बसून आणि दोन्ही बाजूंचे ऐकून मिटावेत, हा तिचा हेतू. कोर्टाची पायरी चढून कोंबडी परत येत नाही. ओट्यावर बसून शेजारी मात्र परत येतो.

याच शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तेथे अनेक वर्षे उत्खनन केले, तेव्हा सुमारे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. चुली सापडल्या, धान्य साठवण्याच्या जागा सापडल्या, जनावरांची हाडे सापडली. तेथली कुडाची घरे रांगेने बांधलेली होती आणि दोन घरांमध्ये सुमारे दीड मीटरची जागा मोकळी सोडलेली होती. ती बोळ कोणी आखली, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. पण ती राखली मात्र दोन्ही घरांनी असणार. शेजार म्हणजे हीच दीड मीटरची जागा होय. कोंबडी तिला ओळखत नाही, कुत्रा तिला जुमानत नाही. त्या दोघांच्या वतीने ती राखायची असते माणसाने.