दिवा हिरवाच होता

अप्पांकडे एक पट्टी होती. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची, वीतभर लांब, एका कडेला हळदकुंकवाचा डाग. वाचायची ओळ उघडी ठेवून खालचा मजकूर झाकायला ती लागायची. छापखान्यात प्रुफं वाचताना जडलेली सवय. आमच्या ऑफिसात आल्यावर ते ती पट्टी मॉनिटरवर धरत. पडद्यावर स्लाइड, स्लाइडवर पट्टी, आणि पट्टी एकेक ओळ खाली सरकतेय. नवी मुलं एकमेकांना कोपरानं ढोसत. मीही ढोसलंय.

गोष्ट २०१४ सालची. पुण्यात ई-लर्निंगचं काम करणाऱ्या एका लहानशा कंपनीत मी होते. कारखाने, बँका, इस्पितळं यांच्याकडून प्रशिक्षणाचा कच्चा माल पॉवरपॉइंटच्या रूपात यायचा. तो सॉफ्टवेअरमध्ये आणायचा, त्यावर आवाज, बटणं, प्रश्नोत्तरं चढवायची आणि ग्राहकाच्या प्रशिक्षण प्रणालीत चढवता येईल अशी स्कॉर्म नावाच्या साच्यातली झिप बांधून त्याच्या हवाली करायची, हा आमचा धंदा. अप्पा सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात आधी खिळे जुळवायचे, मग मुद्रितशोधक झाले. ऑफसेट आलं, डीटीपी आलं, ते टिकून राहिले. शेवटी छापखान्यालाच कुलूप लागलं तेव्हा साठीला आले होते. आमच्या मालकांच्या वडिलांशी ओळख, म्हणून मराठी मजकूर तपासायला आमच्याकडे आले. ओळखपत्रावर ‘लँग्वेज क्यूए’ असं छापलेलं. त्याचा अर्थ त्यांनी मला विचारला. मी सांगितला. म्हणाले, “म्हणजे प्रुफंच ना?”

त्या वेळी आमचं बरंचसं काम अडोबी कॅप्टिव्हेटमध्ये चाले. पॉवरपॉइंट आत आणताना ते सॉफ्टवेअर विचारतं, फाइल नुसती जोडून ठेवू की पोटात घेऊ? पोटात घेतली तर तिची नक्कल प्रकल्पात शिरते आणि मूळ फाइलीशी नातं संपतं. मग बाहेर कुणी काहीही बदलो, आत पत्ता नाही. जोडून ठेवली तर प्रकल्प हलका राहतो, आणि मूळ फाइलीत कुणी फेरफार केला की लायब्ररीत तिच्या नावापुढचा हिरवा दिवा लाल होतो. त्यावर क्लिक केलं की नवा मजकूर आत येतो आणि दिवा पुन्हा हिरवा. मात्र मूळ फाइल जागची हलवायची नाही, नाहीतर दुवा तुटतो. मी सगळं जोडूनच ठेवायची. त्या हिरव्या दिव्यावर माझा भारी जीव. संध्याकाळी निघताना एकदा लायब्ररी उघडून सगळे दिवे पाहून घ्यायची, देवापुढची निरांजनं पाहावीत तशी.

त्या पावसाळ्यात चाकणच्या एका कारखान्याचं काम होतं. विषय लॉकआउट-टॅगआउट, कारखान्यात सगळे त्याला ‘लोटो’ म्हणतात. दुरुस्तीसाठी यंत्रात हात घालण्याआधी त्याचा वीजपुरवठा तोडायचा, तिथं आपलं स्वतःचं कुलूप लावायचं, नावाची चिठ्ठी अडकवायची आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची. कुणी चुकून बटण दाबलं तरी यंत्र सुरू होता कामा नये. पण तेवढ्यानं भागत नाही. स्विच बंद झाला तरी प्रेसच्या हायड्रॉलिक लाइनमध्ये दाब उरतो, वर राहिलेला भाग आपल्याच वजनानं खाली येऊ शकतो. म्हणून साठलेली ऊर्जा सोडून द्यायची, वरच्या भागाला टेकू द्यायचा. आणि सगळ्यात शेवटी, आजूबाजूला कुणी नाही हे पाहून सुरू करायचं बटण दाबून बघायचं, की यंत्र खरोखरच मेलंय ना.

ही शेवटची पायरी आमच्या कोर्समध्ये नव्हती.

झालं असं. ग्राहकाच्या सुरक्षा अधिकाऱ्यानं सुधारलेली फाइल मेलनं पाठवली. ती मी डाउनलोड केली, उघडून पाहिली, निवेदनाची संहिता तिच्यावरून काढून रेकॉर्डिंगला दिली. फक्त एक केलं नाही. ती फाइल सर्व्हरवरच्या जुन्या फाइलीच्या जागी ठेवली नाही. कॅप्टिव्हेट बिचारं इमानानं जुन्याच फाइलीकडे टक लावून बसलेलं. तिला कुणी हात लावला नव्हता, म्हणून दिवा हिरवा. आवाज म्हणतोय ‘सहा पायऱ्या’, पडद्यावर पाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी झिप जायची होती. संध्याकाळी सहाच्या सुमाराला अप्पांनी मला बोलावलं. एका कानात हेडफोन, दुसरा कान मोकळा, पट्टी स्लाइडच्या तळाशी.

“हिची मूळ प्रत कुठाय?”

“सर्व्हरवर आहे की. जोडलेली आहे, अप्पा. हे बघा, दिवा हिरवा आहे. सगळं सिंक आहे.”

“सिंक म्हणजे?”

“म्हणजे दोन्हीकडे सारखं.”

“बरोबर, की सारखं?”

मी नुसती बघत राहिले.

“अगं, दोन्हीकडे एकच चूक असली तर तुझा दिवा कुठल्या रंगाचा होतो?”

मग त्यांनी ती स्लाइड पहिल्यापासून लावली. ‘सहा पायऱ्या’ असं बाई गोड आवाजात म्हणाल्या आणि पट्टी पाचव्या ओळीखाली येऊन थांबली. खाली रिकामी निळी जागा.

माझ्या पोटात गोळा आला. नवी फाइल शोधली, जुनीच्या जागी त्याच नावानं ठेवली. दिवा लाल झाला, क्लिक केलं, हिरवा झाला. पण प्रकरण तिथं मिटणार नव्हतं. नव्या मजकुरानं ओळी खाली सरकल्या आणि मी कॅप्टिव्हेटमध्ये वरून ठेवलेले बाण आणि चौकटी होत्या तिथंच राहिल्या. ‘कुलूप लावा’कडे रोखलेला बाण आता ‘वीजपुरवठा तोडा’वर. बऱ्याच स्लाइडवर अशी पडझड. एकेक करून सगळं बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

अप्पांनी खुर्ची ओढली. छापखान्यात या कामाला दोन माणसं लागत, म्हणाले. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं प्रुफावर डोळा ठेवायचा. ज्यानं मजकूर जुळवला त्याला प्रुफ द्यायचं नाही, कारण त्याला जे हवं तेच दिसतं. म्हणून तू वाच, मी बघतो. मी सुधारलेल्या फाइलीचा प्रिंट घेऊन वाचायला लागले. “नुसतं वाचू नकोस, चिन्हंसुद्धा वाच.” मग मी ‘यंत्र बंद करा पूर्णविराम पुरवठा तोडा पूर्णविराम’ असं वाचत राहिले. पाचेक स्लाइड होईपर्यंत लाज वाटली. नंतर लय सापडली.

टेकूच्या स्लाइडवर ते थोडा वेळ थांबले. त्यांच्या छापखान्यात एकाचं बोट ट्रेडलमध्ये गेलं होतं. कागद वाकडा बसला म्हणून सरळ करायला हात घातला, पायानं गती दिलेलं चाक फिरतच होतं. “ते बोट गेलं त्या दिवशीचं काम काय होतं माहितीय? मुंजीची पत्रिका.” एवढं बोलून म्हणाले, “हं, पुढं.”

उठलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. बस चुकली म्हणून मालकांनीच रिक्षाचे पैसे दिले असते, पण अप्पांनी त्यांना कळवलंच नाही. दुसऱ्या दिवशी झिप दुपारी गेली. उशीर का, म्हणून मालकांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत अप्पा म्हणाले, “माझं वाचून व्हायचं होतं.” मालक त्यांना काय बोलणार? मी त्या वेळी गप्प राहिले. अजूनही मनात सलतं ते हेच, माझ्या चुकीपेक्षा जास्त. नंतर मी त्यांना म्हणालेही, की तुम्ही का घेतलंत अंगावर? तर म्हणाले, खोटं काय होतं त्यात, वाचून झालंच नव्हतं.

दुसरा घोळ मी चांगुलपणानं घातला. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की त्यात भलतीसलती न दिसणारी चिन्हं राहून जातात. ती एका फटक्यात झाडून टाकणारा मॅक्रो मी लिहिला आणि मोठ्या रुबाबात सगळ्यांना वाटला. दोन दिवसांनी अप्पा प्रिंट घेऊन आले. प्रत्येक ‘पायऱ्या’चं ‘पायर्या’ झालेलं. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’. मराठीतला तो आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, दुसरा साध्या ‘र’ला हलन्त आणि मागे एक शून्य रुंदीचं जोडचिन्ह देऊन. आमचा मजकूर दुसऱ्या जातीचा होता. माझ्या झाडूनं ते जोडचिन्ह केर समजून काढलं आणि र उडी मारून रफार होऊन डोक्यावर बसला. जोडलेल्या फाइलींमधून तो सगळीकडे पोचलाही. दिवे अर्थातच हिरवे.

हे सगळं मी अप्पांना समजावून सांगितलं. त्यांना ते फार आवडलं. एरवी संगणकाच्या गोष्टींना ते हूं हूं करत; या वेळी कागद पुढे ओढून दोन्ही रीती लिहून घेतल्या. “आमच्याकडे ह्या र-चा वेगळा खिळा असायचा. हरवला तर दिसायचा तरी, खणात रिकामी जागा असायची. तुझा खिळा दिसतच नाही, आणि काढला की शब्द मोडतो.” त्यांच्या टेबलाच्या काचेखाली देवनागरी वर्णमालेबद्दलचा ६ नोव्हेंबर २००९चा शासन निर्णय छापून ठेवलेला होता, त्याच्या शेजारी हा कागदही गेला. मॅक्रो सुधारल्यावर त्यांनीच परीक्षेसाठी शब्द दिले: पायऱ्या, दोऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा, कुऱ्हाड, वऱ्हाड. ही यादी मी आजही वापरते. नवं कुठलंही सॉफ्टवेअर आलं की पहिली ‘कुऱ्हाड’ त्याच्यावर पडते.

स्कॉर्मबद्दल मात्र त्यांचं माझं जमलं नाही. कोर्स ग्राहकाकडे चढल्यावर नवी झिप सुखासुखी पाठवू नये, असं मी सांगत असे. अर्ध्यावर थांबलेल्या कामगारांच्या खुणा तिकडच्या प्रणालीत साठवलेल्या असतात, स्कॉर्म १.२मध्ये त्यासाठी ४०९६ अक्षरांची जागा. मध्येच एक स्लाइड घुसवली तर त्या खुणा चुकायचा धोका. अप्पांचं म्हणणं, चूक कळल्यावर ती तशीच ठेवायची हे कुठल्या शास्त्रात बसतं? पुस्तक छापून गेलं तरी शुद्धिपत्र चिकटवतात. मी म्हणायची, इथं शुद्धिपत्र चिकटवायला पानच नसतं. ते म्हणायचे, मग पान करा. तेव्हापासून मी कोर्सच्या पहिल्या स्लाइडवर आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख घालायला लागले. बाकीच्यांना ती शोभा वाटायची.

२०१७ साली ते घरी बसले. निरोपाला केक कापला, मालकांनी भाषण केलं, मला बोलायला सांगितलं तेव्हा दोन वाक्यं झाल्यावर पुढचं सुचेना. ती अकरा वाजताची गोष्ट तिथं सांगायला हवी होती. मालक समोर होते, त्यांचं आता काय बिघडलं असतं? पण जीभ रेटली नाही. अप्पा जाताना पट्टी माझ्या कीबोर्डखाली सरकवून गेले, न बोलता.

आता मी दुसरीकडे आहे. कॅप्टिव्हेट सुटलं, त्या वेळी आमचे कोर्स ज्याच्यावर चालत ते फ्लॅश तर २०२०च्या अखेरीस संपलंच. फाइली ढगात असतात, चार माणसं एकाच वेळी एकाच स्लाइडवर बसतात, जुळवून घेणं आपोआप होतं आणि दिवा बघायची गरजसुद्धा उरलेली नाही. माझ्या हाताखालची मुलं मला म्हणतात, मॅडम, सगळं अपडेटेड आहे. मी विचारते, मूळ कुठाय? पट्टी मॉनिटरवर धरते. ती पाठीमागे कोपरानं ढोसत असणार.

गेल्या दिवाळीत सकाळी मी सगळ्यांना शुभेच्छा पाठवल्या, घाईघाईत, गॅसवर चकल्या. अप्पा आता लेकीकडे नाशिकला असतात. अर्ध्या तासानं फोन पाहिला तर त्यांचा निरोप येऊन पडला होता, दोनच शब्द: “हार्दिक. ह्रस्व.” मी ‘हार्दीक’ लिहिलं होतं. दुरुस्त करायला गेले, पण व्हॉट्सॲप पंधरा मिनिटंच मुभा देतं. म्हणून खाली दुसरा मेसेज टाकला: “शुद्धिपत्र: हार्दीकऐवजी हार्दिक असे वाचावे.”

त्यांचं उत्तर आलं, “वाचलं.” आणि लगेच, “पूर्णविराम दिलास, बरं केलंस.”