देवबाग : खाऱ्या पाण्यातील गोडी विहीर

आपल्या धाराशिव जिल्ह्यातील माणसाला पाण्याचे मोल शिकवावे लागत नाही. बालाघाटाच्या पठारावर पाऊस सरासरीने सहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. शेजारच्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ही आठवण अजून ताजी आहे. अशा प्रदेशातील कुटुंब समुद्राकाठी राहावयास निघाले की ते पहिली चौकशी करते ती पिण्याच्या पाण्याची. आणि आपल्या घरांत त्यापाठोपाठ भोजनाची. या दोन्ही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाल्यावरच गेल्या जानेवारीत आम्ही उभयतांनी मालवणजवळील देवबागला चार दिवसांचा मुक्काम केला.

सोलापूर, सांगली, कोल्हापूर असा प्रवास करून, राधानगरी-दाजीपूरच्या अरण्यातून फोंडा घाट उतरला की प्रदेशाचा रंगच पालटतो. काळी माती संपते आणि तांबडा जांभा दगड दिसू लागतो. मालवणच्या दक्षिणेस तारकर्ली आणि त्यापुढे देवबाग. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस कर्ली नदीची खाडी आणि मध्ये माडांनी भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी. नकाशात हे बेट नव्हे. परंतु तिन्ही बाजूंना पाणी आणि गावात शिरणारा एकच रस्ता, त्यामुळे मनाने मात्र आपण बेटावरच राहतो. पावसाळ्यात समुद्र हा किनारा खातो. म्हणून काही ठिकाणी दगडी बंधारे घातलेले दिसतात.

सिंधुदुर्ग हा १९९७ मध्ये देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. त्यानंतर येथील अनेक कुटुंबांनी स्वतःच्या घरातील खोल्या पाहुण्यांसाठी दिल्या. आमचे घर त्यांपैकीच एक होते. जांभ्याच्या भिंती, नळ्यांचे उतरते छप्पर, पुढे पडवी, अंगणात शेणाने सारवलेले खळे आणि बाजूला झापांनी शाकारलेला मांडव. खोल्या तीनच. वातानुकूलन यंत्र नाही, दूरदर्शन नाही. रात्री माडांची सळसळ आणि लाटांचा गंभीर नाद एवढीच सोबत.

भोजनाविषयी सविस्तर लिहितो, कारण वाचक भगिनींची पहिली शंका तीच असणार. यजमानांचे घर मत्स्याहारी. आम्ही दूरध्वनीवरच कांदा, लसूण व कंदमूळ वर्ज्य असल्याचे आणि सूर्यास्तापूर्वी जेवत असल्याचे सांगितले होते. घरच्या काकूंनी आमच्यासाठी मांडवात वेगळी चूल मांडली, भांडी वेगळी ठेवली आणि आमचा स्वयंपाक उरकल्यावरच स्वतःच्या घरचा हाती घेतला. केळफुलाची भाजी, ओल्या नारळाच्या वाटणातील काळ्या वाटाण्यांची उसळ, घावणे, बिनलसणाची सोलकढी आणि एके दिवशी शिरवाळे व नारळाचा गोड रस. सायंकाळी साडेपाचला पाने मांडली जात. सव्वासहाच्या सुमारास सूर्य पाण्यात उतरू लागे, तेव्हा आम्ही आचमन करून किनाऱ्यावर निवांत बसलेले असू.

दुसऱ्या दिवशी मालवणच्या धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. कुरटे बेटावरील या जलदुर्गाचा पाया शिवाजी महाराजांनी नोव्हेंबर १६६४ मध्ये घातला आणि १६६७ मध्ये तो पूर्ण झाला. छत्रपती राजाराम महाराजांनी बांधलेले श्रीशिवराजेश्वराचे मंदिर तेथे आहे आणि मोजकी कुटुंबे आजही किल्ल्यात राहतात. मला सर्वांत विलक्षण वाटल्या त्या तीन विहिरी : दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चहूकडे खारा समुद्र आणि तटाच्या आत गोडे पाणी! नळदुर्गला बोरी नदीच्या बंधाऱ्यात पाणी महाल बांधणाऱ्या कारागिरांचे कौतुक करीत आपण वाढलो. येथे पाण्याच्या भरवशावर दुर्ग उभा राहिला.

आमच्या यजमानांची विहीरही अशीच. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी दहा-बारा फुटांवर गोडे पाणी. सौभाग्यवतींनी नेहमीप्रमाणे दुपदरी वस्त्राने पाणी गाळले आणि गाळण्यावर उरलेले जीव त्याच विहिरीत हलकेच सोडले. काका ते बघत होते. त्यांनी कारण विचारले, ऐकून मान डोलावली आणि म्हणाले, “बाव आसा म्हणान घर आसा.”

या वाक्याचा अर्थ निसर्गाच्या हिशेबात नेमका बसतो. वाळूत मुरलेले पावसाचे गोडे पाणी हलके असल्याने जड खाऱ्या पाण्यावर तरंगते. समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी एक फूट असेल, तर खाली त्याचा थर सुमारे चाळीस फुटांचा असतो. उलट, उपशामुळे वरची पातळी एक फुटाने उतरली, तर कालांतराने खारे पाणी खालून चाळीस फूट वर चढू शकते. बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर पाऊस ही ठेव आणि उपसा ही उचल. फरक इतकाच की येथे एका रुपयाची जादा उचल चाळीस रुपयांनी भरावी लागते. आपल्याकडे विंधनविहीर आटते. तेथे विहीर भरलेली दिसते, पण पाणी तोंडात घेववत नाही.

हा प्रश्न त्या घरापुढे प्रत्यक्ष उभा होता. मुलगा मुंबईस नोकरीला. आणखी पाच खोल्या, न्हाणीघरे, विजेचा पंप असे झाले तर गावी परतेन, असे त्याचे म्हणणे. मी बँकेत होतो असे कळताच काकांनी कर्जाचा हिशेब मांडून देण्याची विनंती केली. शेवटच्या रात्री पडवीत बसून उत्पन्न, हप्ते आणि व्याज मांडले. हिशेब जमत होता. काकांनी कागद निरखून पाहिला आणि विचारले, “आणि बावीचा काय?” त्या रकान्यात लिहिण्यासारखा आकडा माझ्यापाशी नव्हता. मुलाला घरी आणणारा पंपच घराचे पाणी खारे करील, ही भीती. आणि पंप न बसविल्यास घरात म्हातारी दोघेच उरतील, हीही. दोन खोल्या वाढवाव्यात, पंप टाळावा, छपरावरचे पावसाचे पाणी विहिरीपाशी मुरवावे, एवढे मी सुचविले. “पोराशी बोलतंय,” असे म्हणून त्यांनी कागद घडी करून जपून ठेवला.

वाचकहो, देवबागला अवश्य जा. आहाराचे नियम आधी सांगा. ते पाळणारी माणसे तेथे भेटतील. सोबत पाणी गाळण्याचे वस्त्र न्या. आणि स्नानाला एक बादली पुरेशी आहे, हे आपले दुष्काळी शहाणपण घरी ठेवून जाऊ नका. भरल्या विहिरीच्या काठावर त्याची गरज अधिकच आहे.